पार्सलवरची जकात : हुज्जत नको, अर्ज करा

मागच्या महिन्यात एका दुपारी गोवळकोटहून खालांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "पोस्टमन दारात उभा आहे. पोराने शारजाहून पार्सल पाठवलंय, आणि हा म्हणतो आधी जकात भरा. आकडा ऐकलात तर बसाल! वस्तूंची किंमत नाही तेवढी जकात! लवकर या."

आम्ही पोहोचलो तोपर्यंत पोस्टमन पुढच्या गल्लीत गेला होता. पार्सल त्याने परत पोस्टात नेले होते आणि मागे एक चिठ्ठी ठेवली होती. खाला ओटीवर बसल्या होत्या. मामूही आले होते. चिठ्ठीवरचा आकडा पाहून आम्हीही क्षणभर गप्प झालो. खालांच्या मुलाने फोनवर सांगितले होते त्याप्रमाणे पार्सलमध्ये नातीचे बूट आणि दप्तर, दोन अबाया, खालांच्या गुडघ्यांसाठी पट्टे आणि अजान देणारे एक भिंतीवरचे घड्याळ होते. सगळे मिळून ४५० दिरहमचे, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण दहा हजार रुपयांचे सामान. आणि मागितलेले शुल्क त्याच्या दीडपटीहून जास्त!

घरात तीन मते पडली. खाला म्हणाल्या, "परत पाठवा. मला नकोत पट्टे. पोरगा उन्हात उभा राहून ओव्हरटाइम करतो आणि ते पैसे असे घालवायचे?" मामू म्हणाले, "मुंबईत माझ्या ओळखीचा एक जण आहे. थोडं देऊ, सुटेल पार्सल." सून दाराआडून म्हणाली, "भरून टाका ना, मुलगी रोज विचारते, बूट कधी येणार म्हणून."

चिपळूण तालुक्यात, खाडीपट्ट्यात, एकूणच कोकणात ज्या घरातले माणूस आखातात आहे, त्या घरात हे तीन आवाज कधी ना कधी उठलेलेच आहेत. परत पाठवा, वशिला लावा किंवा मुकाट भरा. चौथा मार्ग आहे हे फार थोड्यांना माहीत असते. तो मार्ग म्हणजे आकारणीवर लेखी हरकत घेणे. या वेळी त्याबद्दलच लिहीत आहोत.

शब्द एक, हिशेब दोन

आपल्या मराठीत 'जकात' या शब्दाची गंमत आहे. घरात जकात म्हटली की आपल्याला वर्षाअखेरचा अडीच टक्क्यांचा हिशेब आठवतो. बाजारात जकात म्हटली की नाका आठवतो. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा बंद झाले, पण शब्द काही गेला नाही. परदेशातून आलेल्या मालावरच्या सीमाशुल्कालाही आपली जुनी माणसे जकातच म्हणतात. एकेकाळी गोवळकोटच्या धक्क्यावरून वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळकडे गलबते जात, त्या काळापासूनचा हा शब्द.

दोन्ही जकातींत एक साम्य मात्र आहे, आणि या लेखाचा सगळा भार त्याच्यावर आहे. दोन्हींची सुरुवात आपल्याच तोंडून होते. आपल्याकडे काय आहे आणि किती आहे, हे आधी आपणच सांगायचे असते. पार्सलवर आपण जे लिहितो ते आपले कबुलीपत्र असते. ते नीट लिहिले तर पुढे भांडता येते. खोटे किंवा अर्धवट लिहिले तर भांडायला तोंड राहत नाही.

'गिफ्ट' लिहिले की माफ?

खालांचा पहिला प्रश्न हाच होता. "पोराने आईला भेट पाठवली. भेटीवर कसली जकात?"

आम्हालाही काही वर्षांपूर्वीपर्यंत असेच वाटत होते आणि तेव्हा ते बरोबरही होते. पोस्टाने किंवा कुरिअरने आलेली खरीखुरी भेटवस्तू २०,००० रुपयांपर्यंतची असेल तर तिच्यावर शुल्क लागत नसे. मग परदेशी दुकानांतून विकत घेतलेला माल 'गिफ्ट' म्हणून येऊ लागला. ही पळवाट बुजवण्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी अधिसूचना काढली आणि भेट म्हणून माफी मागण्याची वाट बंद केली. जीव वाचवणारी औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवले. त्यातही राखीला सवलत आहे, राखीसोबत पाठवलेल्या भेटवस्तूला नाही. बाकी भेटवस्तू आणायला मनाई नाही, पण पूर्ण शुल्क भरून.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. 'ही भेट आहे' या एका मुद्द्यावर हरकतीचा अर्ज लिहू नका. तो टिकणार नाही, आणि त्याच्या भरीला तुमचा खरा मुद्दा असेल तर तोही त्याच्याबरोबर बुडेल.

आकडा कसा बनतो

हरकत घ्यायची तर आधी आकडा समजला पाहिजे. पार्सलवरचे शुल्क तीन थरांचे असते. पहिला थर मूळ सीमाशुल्क. दुसरा थर समाजकल्याण अधिभार, तो मालाच्या किमतीवर नसून मूळ शुल्कावर लागतो. तिसरा थर आयजीएसटी, आणि तो मालाची किंमत अधिक वरचे दोन्ही थर अशा बेरजेवर लागतो. म्हणजे करावर कर चढतो. आपल्याला आकडा अंदाजापेक्षा मोठा का वाटतो, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, वस्तूप्रमाणेही बदलतात. म्हणून इथे केवळ गणित समजावे यासाठी दर घेतो. समजा माल १०,००० रुपयांचा, मूळ शुल्क २० टक्के, अधिभार त्याच्या १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के. मूळ शुल्क झाले २,००० रुपये. अधिभार २०० रुपये. बेरीज १२,२०० रुपये. त्यावर १८ टक्के म्हणजे २,१९६ रुपये. एकूण शुल्क ४,३९६ रुपये. रक्कम मोठी आहे, पण मालाच्या दीडपट नाही.

मग खालांच्या चिठ्ठीवर दीडपट कशी आली? दर कितीही धरला तरी गणित जुळेना. मामूंनी तेवढ्यात निकाल देऊन टाकला, "अहो, खाऊगिरी आहे सगळी." आम्ही म्हटले, "मामू, दोषारोप नंतर करू. आधी पार्सल डोळ्यांनी बघू."

एक शब्द राहिला होता

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पार्सल आणून समोर ठेवले. उघडता येणार नाही, पण वरचे कागद बघा म्हणाल्या. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर एक घोषणापत्र चिकटवलेले असते. लहान पाकिटावर सीएन २२ नावाचा छोटा कागद असतो, मोठ्या पार्सलवर सीएन २३ नावाचा मोठा. आत काय आहे, किती नग आहेत, वजन किती, किंमत किती, भेट आहे की विक्रीचा माल, हे सगळे त्यावर पाठवणाऱ्याने लिहायचे असते. मुंबईत पार्सल उतरले की सीमाशुल्काचा अधिकारी आधी हाच कागद वाचतो.

खालांच्या मुलाने चारही वस्तू नीट लिहिल्या होत्या. प्रत्येकीची किंमत लिहिली होती. बूट व दप्तर १५०, अबाया १६०, पट्टे ६०, घड्याळ ८०. खाली एकूण ४५०. पण ४५० काय? दिरहम, रियाल की डॉलर? चलन लिहायचे राहून गेले होते!

दिरहमचा भाव डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला सुमारे ३.६७ दिरहम. वाचणाऱ्याने ४५० डॉलर धरले तर दहा हजारांचा माल एका क्षणात ३६ हजारांच्या पुढे जातो. वरच्या उदाहरणातले ४,३९६ रुपये मग १६ हजारांच्या वर जातात. म्हणजे मालाच्या किमतीच्या दीडपटीहून जास्त. गणित जुळले!

इथे खाऊगिरी नव्हती. वाचणाऱ्याने अंदाज केला होता, आणि अंदाज करायची वेळ त्याच्यावर आमच्याच माणसाने आणली होती. खालांना हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोराला ओरडू नका. चौदा तास उभा असतो तो."

अर्जात काय लिहिले

आम्ही घाईने पैसे भरले नाहीत आणि पार्सल परतही जाऊ दिले नाही. परत गेले असते तर पाठवण्याचे पैसे गेले असते. भरून सोडवले असते तर आतला माल आणि वरचे कागद जसेच्या तसे समोर असताना चूक दाखवण्याची सोपी संधी गेली असती. आम्ही दोन अर्ज लिहिले. एक इथल्या पोस्टाला, की आकारणीवर हरकत घेतली आहे, उत्तर येईपर्यंत पार्सल पाठवणाऱ्याकडे परत पाठवू नये. दुसरा मुंबईच्या परदेशी टपालावर आकारणी करणाऱ्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना.

दुसरा अर्ज एका पानाचा होता. वर पार्सलचा क्रमांक आणि चिठ्ठीचा क्रमांक. मग चार वाक्ये. घोषणापत्रावर चलन लिहिलेले नाही. किंमत दिरहममध्ये आहे. ती डॉलरमध्ये धरली गेली असावी असे रकमेवरून दिसते. सोबतचे पुरावे पाहून फेरआकारणी करावी आणि आकारणीचा तपशील, म्हणजे धरलेली किंमत, विनिमय दर आणि प्रत्येक थराची रक्कम कळवावी. बस्स. मुलगा किती कष्ट करतो, खालांचे गुडघे किती दुखतात, यातले काही लिहिले नाही. खाला म्हणाल्या, "एवढंच? जरा तरी लिहा की गरीब बाई आहे म्हणून." आम्ही म्हटले, "खाला, गरिबीचा कागद जोडला तर तो वाचतील आणि बिल बघायचं राहून जाईल."

सोबत जोडले ते असे : दुकानांची बिले, बँकेतून पैसे गेल्याचा संदेश, शारजाच्या पोस्टाची पावती, घोषणापत्राचा फोटो आणि खालांच्या ओळखपत्राची प्रत. बिले मुलाने फोनवर पाठवली. त्यातल्या एकावर अरबीत मजकूर होता, पण आकडे आणि चलन स्पष्ट होते.

पण सगळ्यात उपयोगी पडली ती एक जुनी चिठ्ठी. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालांच्या घरात पाणी शिरले होते आणि लोखंडी कपाटातले कागद लगदा होऊन बाहेर आले होते. निकाहनामा, रेशनकार्ड, पासबुक, सगळे. तेव्हापासून खाला आलेला प्रत्येक कागद प्लास्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवतात. आम्ही त्यांना हसायचो. त्या डब्यात आदल्या पार्सलची चिठ्ठी निघाली. त्याच मुलाने, त्याच पोस्टातून, जवळपास तेवढ्याच किमतीचे सामान पाठवले होते आणि त्या वेळी दिरहम धरून आकारणी झाली होती. तिची प्रत आम्ही जोडली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की फार बोलावे लागत नाही.

मामूंचा ओळखीचा माणूस

अर्ज टाकल्यावर वाट पाहणे सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात मामू पुन्हा आले. "माझा माणूस दोन हजारांत काम करून देतो म्हणतो. तुमचा अर्ज कुठे पडलाय कोण जाणे."

आम्हाला तेव्हा आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागली. सांगताना अजूनही मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाने कुरिअरने नवा मोबाइल पाठवला आणि कागदावर 'खेळणे, २० दिरहम' असे लिहिले. सगळेच लिहितात, असे तो म्हणाला होता आणि आम्हीही हसून मान डोलावली होती. पार्सल उघडले गेले. मोबाइल निघाला. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ नुसार चुकीची घोषणा केलेला माल जप्त होऊ शकतो, वर दंडही होतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. अधिकाऱ्याने मोबाइलची जी किंमत धरली ती आमच्या मते जास्त होती. खरोखर जास्त होती. पण आम्ही काय सांगणार होतो? 'साहेब, किंमत चुकली' म्हणायला गेलो असतो तर पहिला प्रश्न आला असता, 'मग तुम्ही वीस कशी लिहिलीत?' मुकाट्याने भरले आणि तो मोबाइल वापरताना कधी सुख वाटले नाही.

मामू ऐकत होते. आम्ही म्हटले, "या वेळी आपली बाजू खरी आहे. खऱ्या बाजूला दोन हजार चारले तर ती खरी राहील का?" मामू काही बोलले नाहीत. चहा पिऊन गेले. पुन्हा त्या माणसाचे नाव त्यांनी काढले नाही.

पैसे आधीच भरले असतील तर

अनेक वाचकांनी शुल्क भरून पार्सल केव्हाच उघडले असेल. त्यांचा रस्ता बंद झाला असे नाही, पण त्याला मुदती आहेत आणि त्या घड्याळासारख्या चालतात.

आकारणी हा एक सरकारी आदेश असतो आणि त्याविरुद्ध अपील करता येते. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १२८ नुसार आदेश कळल्यापासून ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील करायचे. सबळ कारण असेल तर आयुक्त आणखी ३० दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकतात, त्यापुढे नाही. शुल्क भरलेले नसेल तर वादातल्या रकमेच्या साडेसात टक्के अपिलाआधी जमा करावे लागतात.

जास्त भरलेले पैसे परत मागण्याची तरतूद कलम २७ मध्ये आहे. मुदत भरल्यापासून एक वर्ष. 'निषेध नोंदवून' पैसे भरले असतील तर ही एक वर्षाची मर्यादा लागू होत नाही. म्हणून पार्सल तातडीने सोडवावेच लागले, औषध आहे किंवा घरात लग्न आहे, तर पैसे भरताना लेखी कळवा की रक्कम मान्य नाही, निषेध नोंदवून भरत आहोत. त्या कागदाची पोच घ्या. परताव्याची रक्कम शंभर रुपयांपेक्षा कमी असेल तर मात्र ती मिळत नाही.

इथे एक खाच आहे आणि तिच्यात बरेच जण अडकतात. नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ आकारणी जोवर बदललेली नाही तोवर परतावा देता येणार नाही. म्हणजे आधी आकारणी दुरुस्त करून घ्यायची, अपिलाने किंवा कायद्यातल्या दुरुस्तीच्या तरतुदीने, आणि मग पैसे मागायचे. निव्वळ लिहिण्याची किंवा बेरजेची चूक असेल तर कलम १५४ खाली ती साध्या अर्जानेही दुरुस्त होऊ शकते. वर्षभराची मुदत आहे म्हणून स्वस्थ बसलात आणि साठ दिवस गेले, असे होऊ देऊ नका.

आकारणीचा तपशीलच मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते, आणि उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज अपिलाची जागा घेत नाही, पण अपिलाला लागणारा कागद मिळवून देतो.

कुरिअर असेल तर बिलाची फोड करा

कुरिअरने आलेल्या पार्सलचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिथे कुरिअर कंपनी आपल्या वतीने सीमाशुल्क भरते आणि नंतर आपल्याकडून वसूल करते. तिच्या बिलात दोन-तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र असतात. एक, सरकारला गेलेले शुल्क. दोन, आपल्या वतीने पैसे भरल्याबद्दल आणि कागदपत्रे केल्याबद्दल कंपनीची फी. तीन, त्या फीवरचा जीएसटी. आपण सगळ्यालाच 'कस्टम' म्हणतो आणि सरकारला बोल लावतो.

कंपनीकडे बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागा. सरकारला खरोखर किती गेले ते तिच्यावर असते. शुल्काबद्दल तक्रार असेल तर ती सीमाशुल्क खात्याकडे करायची. फीबद्दल किंवा सेवेबद्दल असेल तर ती कंपनीकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे. चुकीच्या दारावर कितीही वेळ टकटक केली तरी ते उघडत नाही.

आणि मुळात पार्सल आहे का?

फोन येतो. 'तुमच्या नावाचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या नंबरवर इतके पैसे पाठवा, नाही तर पोलीस येतील.' ज्या घरातून मुलगा किंवा नवरा परदेशात आहे तिथे हा फोन खरा वाटतो, कारण पार्सल येण्याची शक्यता असतेच. फसवणारे याच्यावरच जगतात.

सीमाशुल्क खाते कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. ८ नोव्हेंबर २०१९ पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर डीआयएन म्हणजे दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दोन मिनिटांत तपासून देईल. आणि त्याआधी साधा प्रश्न विचारा : पार्सल कुणी पाठवले, कधी, क्रमांक काय? पाठवणाऱ्यालाच फोन लावा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर.

निकाल

सातव्या आठवड्यात पोस्टातून खालांना निरोप आला. फेरआकारणी झाली होती. किंमत दिरहमची धरली होती. शुल्क माफ झाले नव्हते, ते होणारही नव्हते, पण पहिल्या आकड्याच्या साधारण चौथ्या हिश्शावर आले होते. खालांनी स्वतः पोस्टात जाऊन पैसे मोजून दिले. पावती घेतली आणि खिडकीवरच्या बाईंना म्हणाल्या, "आता बरोबर आहे. जे लागतं ते घ्या, जे लागत नाही ते नको."

घरी येऊन पार्सल उघडले. नातीचे बूट तिला आता थोडे घट्ट झाले होते. सात आठवड्यांत मुलांचे पाय वाढतात, त्यावर कुठल्या कायद्यात अपील नाही. सुनेने ते धाकट्याच्या नावाने ठेवून दिले आणि नातीला रविवारी बाजारपेठेतून नवे आणायचे ठरले. घड्याळ भिंतीवर लागले. पावती प्लास्टिकच्या डब्यात गेली.

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा खालांनी त्याला जे सांगितले, तेच आम्ही सगळ्या वाचकांना सांगतो. तुमच्या परदेशातल्या माणसाला आजच सांगून ठेवा. घोषणापत्रावर प्रत्येक वस्तू वेगळी लिही. 'कपडे वगैरे' नको, दोन अबाया म्हणून लिही. किंमत खरी लिही आणि तिच्यापुढे चलन लिही. बिलाची एक प्रत पार्सलमध्ये टाक, एक फोनवर पाठव. पावती आणि घोषणापत्राचा फोटो काढून घरच्यांना दे. आणि पाठवण्याआधी विचार, की ही वस्तू शुल्कासकट इथल्यापेक्षा स्वस्त पडते का. पुष्कळदा पडत नाही, आणि त्याच पैशांत आई चिपळुणात स्वतः पसंत करून घेऊ शकते.

घरच्यांनी चिठ्ठी आली की तारीख लिहून ठेवायची, भांडायचे नाही, घाबरायचेही नाही. आकडा मांडून बघायचा. बरोबर असेल तर भरायचा. चुकीचा असेल तर एका पानाचा अर्ज, पुरावे आणि पोच.

खालांच्या मुलाने शेवटी विचारले, "अम्मी, पट्टे बरे आहेत ना?" खाला म्हणाल्या, "बरे आहेत. पुढच्या वेळी 'दिरहम' लिही, बाळा."